पेशींची पानगळ



साताऱ्यास मी शिक्षक होतों तेव्हांची गोष्ट आहे. आमच्या शाळेच्या आवारांत एक जुना पिंपळ होता. एका वर्षीं माघ महिन्यांत त्याची एक मोठी फांदी विजेच्या तारांना अडते म्हणून तोडण्यांत आली आणि ती पुढें कित्येक दिवस कुंपणाच्या कडेला तशीच पडून राहिली. फाल्गुन आला, पिंपळाचीं पानें पिवळीं पडून गळूं लागलीं. रोज सकाळीं मुलें आवार झाडीत आणि दुपारपर्यंत तें पुन्हां पानांनीं भरून जाई. एके दिवशीं झाडतां झाडतां चौथीच्या वर्गांतील एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, झाड जिवंत आहे तर त्याचीं पानें गळतात, आणि ही फांदी मेलेली आहे तर हिचीं पानें हिला घट्ट धरून आहेत. हें उलटें कसें?" मीं फांदीजवळ जाऊन पाहिलें. पानें वाळून कुरकुरीत झालीं होतीं, पण ओढलीं तरी सहजासहजीं सुटत नव्हतीं.

मीं त्याला जें उत्तर दिलें तें असें. झाड पान गळूं देतें तें निष्काळजीपणानें नव्हे. आधीं तें पानांतील उपयुक्त द्रव्यें खोडाकडे परत ओढून घेतें. मग देठाच्या बुडाशीं पेशींचा एक पातळ थर तयार करितें. त्या थरापाशीं देठ सुटतो आणि मागें उघडी जखम राहत नाहीं. हें सारें करावयास झाड जिवंत असावें लागतें. तोडलेल्या फांदीच्या अंगीं तें बळ उरत नाहीं, म्हणून तिचीं पानें मरतात, परंतु गळत नाहींत. गळणें हें मेलेल्याचें काम नव्हे, जिवंताचें काम आहे.

मुलाचें समाधान झालें, आणि मी तें उत्तर विसरून गेलों. त्याची आठवण मला पुष्कळ वर्षांनीं मिरजेच्या एका रुग्णालयांत झाली.

निवृत्त झाल्यावर मी सांगलीस वडील बंधूंकडे राहावयास आलों. आमच्या अण्णांचा सारा जन्म हळदीच्या पेठेंत गेला. एका अडत दुकानांत ते दिवाणजी होते. सांगलीची हळद म्हणजे काय हें आपणांस सांगावयास नको. कृष्णा-वारणेच्या संगमाशीं असलेल्या हरिपुरास जमिनींत खोल पेवें खोदून तींत हळद सांठविण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. २०१८ सालीं ह्या हळदीला भौगोलिक मानांकनहि मिळालें. अण्णांचा तिजवर विश्वास होता, आणि तो स्वाभाविक होता.

त्यांच्या मानेवर एक गांठ आली. ती दुखत नसे. दुखत नाहीं त्या अर्थीं काळजीचें कांहीं नाहीं असें त्यांनीं ठरविलें. पुढें काखेंतहि एक आली. तेव्हां पेठेंतील कोणी त्यांना सांगितलें कीं, हळदीनें गांठी जिरतात, एवढेंच नव्हे तर हळद कर्करोगाच्या पेशी मारते असें परदेशांतील शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे. झालें! अण्णा रोज रात्रीं दुधांतून हळद घेऊं लागले. असे आठ महिने गेले. मी घरांतच होतों. मीं त्यांना अडविलें नाहीं, हा दोष माझ्याकडे आहे. शेवटीं वजन उतरलें, रात्रीं अंगरखा घामानें भिजूं लागला, तेव्हां आम्ही मिरजेस गेलों. गांठ काढून तपासण्यांत आली. तपासणीच्या कागदावर एके ओळींत लिहिलें होतें, बी-सी-एल-टू, आणि पुढें अधिकाचें चिन्ह. मीं तें काय म्हणून विचारलें. डॉक्टरीणबाई वयानें माझ्या विद्यार्थिनीएवढ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, ह्या पेशी फार झपाट्यानें वाढतात असें नाहीं. जावयाची वेळ झाली तरी त्या जात नाहींत, एवढाच ह्यांचा रोग."

हें ऐकतांना मला तोडलेल्या फांदीवरचीं पानें आठवलीं. बी-सी-एल-टू नांवाच्या त्या प्रथिनाविषयीं मी आज बोलणार आहें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. वैद्यकशास्त्र माझा विषय नव्हे. परंतु घरांत आलेला पाहुणा कोण व कोठला हें समजून घेण्याची मला निकड होती, आणि वाचून व विचारून जें समजलें तेंच आपणांपुढें ठेवीत आहें.

आपलें शरीर पेशींचें बनलेलें आहे हें सर्वांस ठाऊक असतें. त्यांतील अब्जावधि पेशी रोज मरतात हें मात्र फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. आंतड्याच्या अस्तराच्या पेशी चार-पांच दिवसांत बदलतात. रक्तांतील पांढऱ्या पेशींपैकीं पुष्कळ थोड्याच दिवसांच्या सोबती असतात. आपला हातच पाहा. आईच्या पोटांत पहिल्या दोन महिन्यांत हात वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांच्या मधल्या पेशी ठरल्या वेळीं मरतात आणि मग पांच बोटें सुटीं होतात. मूर्तिकार नको असलेला दगड काढून मूर्ति घडवितो, तशी बोटें मरणानें घडलेलीं आहेत. पावसाळ्यांत डबक्यांतील बेडूकमाशांचें शेंपूट नाहींसें होतें तेंहि ह्याच रीतीनें.

पेशीचें मरण दोन तऱ्हांचें असतें. हातावर उकळतें पाणी पडलें तर पेशी फुटतात, त्यांतील द्रव्यें भोंवतालीं सांडतात, तेथें सूज व आग होते. तें वाड्याला आग लागावी तसें मरण. दुसरें मरण म्हणजे जुना वाडा मालकानें स्वतः उतरवावा तसें: आधीं दारेंखिडक्या काढाव्यात, मग तुळया उतरवाव्यात, प्रत्येक वस्तु बांधून ठेवावी आणि शेजाऱ्याच्या भिंतीस धक्काहि लागूं नये. पेशी आक्रसते, तिच्या आंतील गुणसूत्रांचे तुकडे होतात, सारा ऐवज लहान लहान पुरचुंड्यांत बांधला जातो आणि भक्षक पेशी त्या पुरचुंड्या गिळून टाकतात. सूज नाहीं, आग नाहीं.

१९७२ सालीं जॉन केर, अँड्र्यू वायली व ॲलिस्टर करी ह्या तिघांनीं ह्या दुसऱ्या मरणाचें वर्णन करून त्यास अपोप्टोसिस असें नांव दिलें. तें नांव त्यांना ॲबर्डीन विद्यापीठांतील ग्रीक भाषेचे अध्यापक जेम्स कॉर्मॅक ह्यांनीं सुचविलें. ग्रीक भाषेंत त्या शब्दाचा अर्थ काय असावा? झाडावरून पानें गळणें, फुलाच्या पाकळ्या गळणें! हें वाचलें तेव्हां पुस्तक मिटून मी कांहीं वेळ स्वस्थ बसलों.

हें मरण अपघात नसून नेमलेलें काम आहे ह्याचा पुरावा एका किड्यानें दिला. हा किडा जेमतेम एक मिलिमीटर लांब आणि इतका पारदर्शक कीं, त्याची प्रत्येक पेशी सूक्ष्मदर्शकांतून मोजतां येते. त्याच्या शरीराच्या घडणींत १०९० पेशी निर्माण होतात आणि त्यांतील नेमक्या १३१ मरतात, ९५९ उरतात. कोणत्या पेशीनें केव्हां जावें हेंहि ठरलेलें असतें. ह्या किड्यावरील संशोधनाबद्दल सिडनी ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ ह्यांना २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां प्रश्न असा कीं, मरणाची एवढी सिद्धता प्रत्येक पेशींत असेल तर आपण जगतों कसे? ह्याचें उत्तर म्हणजे प्रत्येक पेशींत पहारा असतो. आणि बी-सी-एल-टू हा त्या पहाऱ्यांतील एक मुख्य शिपाई आहे.

पेशींत मायटोकाँड्रिया नांवाचे बारीक कण असतात. अन्नापासून शक्ति काढण्याचें काम तेथें चालतें. ती पेशीची चूल म्हणावी. ह्या चुलीस दोन आवरणें असतात आणि त्यांच्या मध्यें सायटोक्रोम-सी नांवाचें एक प्रथिन असतें. आपल्या जागीं असतांना तें शक्ति निर्माण करण्याच्या कामीं राबतें. पण तेंच बाहेरचें आवरण ओलांडून पेशीच्या मुख्य भागांत सांडलें तर मरणाचा हुकूम सुटतो. ज्या चुलीवर घर जेवतें तिच्यांतलाच निखारा बाहेर पडला म्हणजे घर पेटतें, त्यांतलाच हा प्रकार. ही गोष्ट १९९६ सालीं शियाओडाँग वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिली. सांडलेल्या सायटोक्रोमशीं दुसरें एक प्रथिन जुळून सात आऱ्यांचें चाक तयार होतें. तें चाक कॅस्पेज नांवाचीं प्रथिनें जागीं करितें. हीं कॅस्पेज म्हणजे मिटून ठेवलेल्या कात्र्या. त्या उघडल्या कीं ठराविक जागींच कापीत जातात आणि वाडा उतरविण्याचें काम सुरू होतें.

चुलीच्या बाहेरच्या आवरणास भोकें पाडण्याचें काम बॅक्स आणि बॅक हीं दोन प्रथिनें करितात. बी-सी-एल-टू त्याच आवरणावर बसून त्यांना आवरून धरतें. बी-सी-एल-टू ही २३९ मण्यांची एक माळ आहे. ती गुंडाळली जाऊन तिच्या अंगावर एक खोबण तयार होते. पेशीचें फार नुकसान झालें, तिच्या गुणसूत्रांत दुरुस्त न होणारा दोष आला, म्हणजे पेशीच तयार करिते अशीं कांहीं निरोप्या प्रथिनें येऊन ह्या खोबणींत बसतात. मग शिपायाची पकड सुटते, भोकें पडतात, आणि पेशी जाते. खोबण रिकामी असेल तोंवर पेशी जगते. एवढ्याशा खोबणीवर जीवनमरणाचा निवाडा होतो.

ह्या प्रथिनाचा शोध लागला तो मात्र रोगाच्या वाटेनें. आमच्या अण्णांना झाला त्या जातीच्या लसिकाग्रंथींच्या कर्करोगांत सुमारें दहांपैकीं आठ-नऊ रोग्यांच्या पेशींत एक विशेष दिसतो: चौदाव्या व अठराव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून त्यांची अदलाबदल झालेली असते. १९८४-८५ च्या सुमारास अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें योशिहिदे त्सुजिमोतो व कार्लो क्रोचे ह्यांनीं त्या सांध्यापाशीं असलेलें जनुक शोधून काढलें, तेंच बी-सी-एल-टू. अठराव्या गुणसूत्रावर त्याची जागा साधी असते. चौदाव्यावर मात्र तें रोगप्रतिकारक प्रतिद्रव्य बनविणाऱ्या जनुकाच्या शेजारीं येऊन पडतें, आणि तें जनुक ह्या पेशींत अखंड चालू असतें. कोरडवाहु शेत उचलून पाटाच्या तोंडाशीं ठेवावें आणि त्याला न मागतां रात्रंदिवस पाणी मिळावें, तसें होतें. बी-सी-एल-टू बेसुमार तयार होऊं लागतें.

येथें दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण घरोघर ह्याच प्रश्नांनीं झोप उडते. ही अदलाबदल आईबापांकडून येत नाहीं. ती त्या मनुष्याच्या एखाद्या पेशींत पुढें केव्हां तरी घडते. आणि तेवढ्यानेंच रोग होतो असेंहि नाहीं. निरोगी माणसांच्या रक्तांतसुद्धां अशा थोड्या पेशी सांपडतात. रोग होण्यास आणखी दोष जुळावे लागतात.

तोंपर्यंत समजूत अशी होती कीं, कर्करोग म्हणजे पेशींची बेलगाम वाढ. १९८८ सालीं मेलबर्न येथें डेव्हिड वॉक्स, सुझन कोरी व जेरी ॲडम्स ह्यांनीं ह्या समजुतीस मोठी पुरवणी जोडली. ज्या द्रव्यावांचून कांहीं पेशी मरतात तें त्यांनीं काढून घेतलें. साध्या पेशी मेल्या. बी-सी-एल-टू घातलेल्या पेशी जगल्या. पण त्या वाढल्या नाहींत, नुसत्या जगून राहिल्या. म्हणजे कर्करोगाला दोन दारें आहेत: एक अति जन्माचें, दुसरें न येणाऱ्या मरणाचें. पुढें १९९२ सालीं मनुष्याचें हेंच जनुक त्या चिमुकल्या किड्यांत घातलें, तेव्हां त्याच्याहि मरावयाच्या पेशींपैकीं कांहीं वांचल्या. किडा आणि मनुष्य ह्यांची कुळें वेगळीं होऊन कोट्यवधि वर्षें झालीं, तरी पहाऱ्याची रीत एकच राहिली आहे.

लसिकाग्रंथींतच हा घोटाळा कां व्हावा? आमच्या पेशास जवळची उपमा देतों. ग्रंथि म्हणजे शरीराचें परीक्षागृह आहे. रोगजंतु आला म्हणजे तेथें प्रतिद्रव्य करणाऱ्या पेशी आपल्या जनुकांत मुद्दाम फेरफार करून पाहतात. ज्यांचें प्रतिद्रव्य जंतूला नीट चिकटतें त्या उत्तीर्ण. बाकीच्यांनीं मरावें असा नियम. म्हणून निरोगी ग्रंथीच्या त्या दालनांत पेशी बी-सी-एल-टू जवळजवळ ठेवीतच नाहींत. पहारा उठविलेला असतो. अण्णांच्या गांठींत त्याच दालनांत शिपाई दारोदार उभा होता. कागदावरील अधिकाच्या चिन्हाचा अर्थ हा. अनुत्तीर्णांनीं जावयाचें नाकारलें होतें, दालन भरत चाललें होतें.

पण ह्या शिपायास दुष्ट म्हणूं नये. १९९३ सालीं अमेरिकेंतील सेंट लुईस येथें स्टॅनली कोर्समायर ह्यांच्या प्रयोगशाळेंत बी-सी-एल-टू नसलेले उंदीर तयार करण्यांत आले. त्यांच्या प्रतिकारक पेशी कोसळल्या, मूत्रपिंडें बिघडलीं आणि अंगावरचे केस अकालीं पांढरे झाले. प्रथिन तेंच, कमी पडलें तरी नाश, अति झालें तरी नाश.

उपाय सुचला तो त्या खोबणींतूनच. निरोप्या प्रथिनाच्या आकाराचा एक कण रसायनशाळेंत घडवून तो खोबणींत बसविला तर? अशा प्रयत्नांतून व्हेनेटोक्लॅक्स हें औषध निघालें, आणि एका जातीच्या रक्ताच्या कर्करोगावर १९१६ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१६ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. तें पेशीला मारीत नाहीं. अडवून धरलेलें मरण मोकळें करितें. कधीं कधीं इतक्या पेशी एकदम जातात कीं, त्यांचा मलबा मूत्रपिंडांना झेपत नाहीं. म्हणून तें औषध अत्यल्प मात्रेपासून पांच आठवड्यांत चढवीत नेतात. आश्चर्य हें कीं, ज्या गांठींच्या रोगांत हें प्रथिन प्रथम सांपडलें, त्यांत एकट्या ह्या औषधाचा गुण तितकासा येत नाहीं. तेथें पेशींनीं दुसरेहि पहारेकरी उभे केलेले असतात.

आतां हळदीविषयीं. पेठेंतील मनुष्य अण्णांना अगदींच खोटें बोलला नव्हता, आणि म्हणूनच तें घातक ठरलें. पेशी शरीराबाहेर कांचेच्या बशींत वाढवितां येतात. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत डॉ. कमल रणदिवे ह्यांनीं आपल्या देशांतील अशी पहिली प्रयोगशाळा उभी केली. पुण्याचें राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आज देशभरच्या संशोधकांना अशा पेशी पुरवितें. अशा बशींतील कर्करोगाच्या पेशींवर हळदींतील कर्क्युमिन हें द्रव्य टाकलें तर पुष्कळ वेळां त्या मरतात, आणि त्यांतील बी-सी-एल-टू घटलेलेंहि दिसतें. एवढें खरें आहे. परंतु बशी म्हणजे शरीर नव्हे. आपण खाल्लेल्या हळदींतील कर्क्युमिन आंतड्यांतून रक्तांत फारच थोडें उतरतें, आणि जें उतरतें त्याचें यकृतांत लगेच रूपांतर होऊन तें बाहेर टाकलें जातें. बशींतील पेशीला जेवढें मिळतें तेवढें गांठीपर्यंत पोंचत नाहीं. हळद खाऊन कर्करोग बरा होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. हळद आपल्या स्वयंपाकघरांत राहावी, देवापुढें राहावी. तपासणीच्या जागीं तिला बसवूं नये.

अण्णांचा रोग सावकाश चालणारा होता, म्हणून आठ महिन्यांची चूक निभावली. दुसऱ्या जातीचा, झपाट्यानें वाढणारा असता तर आज हें भाषण मीं केलें नसतें. जी गांठ दुखत नाहीं पण तीन-चार आठवड्यांत जातहि नाहीं, ती डॉक्टरांना दाखवावी; माझ्या सर्व बोलण्यांतील एवढें एक वाक्य आपण घरीं जपून ठेवलें तरी मला पुरे आहे.

अण्णांना सहा वेळां शिरेंतून औषधें देण्यांत आलीं. गांठी बसल्या आहेत. रोग समूळ गेला असें डॉक्टर म्हणत नाहींत. दर कांहीं महिन्यांनीं मिरजेस जावें लागतें. मध्यंतरीं परत येतांना वाटेंत एका पिंपळाखालीं आम्ही थांबलों. नवी तांबूस पालवी फुटली होती आणि खालीं जुन्या पानांचा थर होता. अण्णांना मीं शाळेंतील त्या मुलाचा प्रश्न सांगितला आणि माझें उत्तरहि सांगितलें. त्यांनीं तें ऐकून घेतलें, एक पान उचललें, त्याचा गुळगुळीत सुटलेला देठ बोटानें चांचपून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे ह्याला कोणी तोडलेलें नाहीं तर."

नाहीं, कोणीं तोडलें नव्हतें. तें आपल्या वेळीं सुटलें होतें, आणि म्हणूनच झाड हिरवें होतें.